प्युजेट साउंडची चिखलकोळंबी: आधी नाव, मग नकाशा

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सागरी प्राण्यांची 1986 पूर्वीची पुस्तकं पाहिली, तर उपोगेबिया प्युजेटेन्सिस ही चिखलकोळंबी अलास्कापासून थेट मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियापर्यंत आढळते असं लिहिलेलं असतं. त्यानंतरच्या काळजीपूर्वक केलेल्या याद्यांमध्ये हाच पट्टा मध्य कॅलिफोर्नियातल्या मॉरो बेला येऊन थांबतो. दक्षिणेकडच्या कोळंब्या मधल्या काळात कुठे गेल्या नव्हत्या. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाच्या संग्रहावर काम करणाऱ्या ऑस्टिन विल्यम्स यांनी पूर्व पॅसिफिकमधल्या उपोगेबियांचे नमुने एकमेकांशेजारी ठेवून तपासले आणि 1986 मध्ये दाखवून दिलं, की दक्षिण कॅलिफोर्निया ते बाहा कॅलिफोर्निया या भागातली प्रजाती वेगळी आहे. तिला त्यांनी सागरी प्राण्यांचा अभ्यास करणाऱ्या मॅकजिनिटी दांपत्यावरून उपोगेबिया मॅकजिनिटिओरम हे नाव दिलं.

प्राणी कुठे राहतो हे ठरवायचं, तर तो कोण आहे हे आधी ठरायला हवं. ऐकायला साधी गोष्ट, पण ऑनलाइन नोंदींमध्ये आजही सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. या प्रजातीच्या बाबतीत तर या चुका महागात पडणाऱ्या आहेत. आशियातून आलेल्या एका परजीवीने तिच्या वसाहतीच्या वसाहती रिकाम्या केल्या आहेत, आणि तो परजीवी बाहेरचा आहे हे कळलं ते संग्रहालयांतल्या जुन्या, नीट नाव-गाव लिहिलेल्या नमुन्यांमुळे.

नावापासून सुरुवात करू. विल्क्सच्या 1838 ते 1842 च्या अमेरिकन सरकारी मोहिमेत वॉशिंग्टन राज्यातल्या प्युजेट साउंड या आखातातून गोळा झालेल्या प्राण्यांवरून जेम्स ड्वाइट डाना यांनी 1852 मध्ये हिचं वर्णन गेबिया प्युजेटेन्सिस या नावाने केलं. पुढे उपोगेबिया हे लीचने 1814 मध्ये दिलेलं जीनसचं (जवळच्या प्रजातींच्या गटाचं) नाव जुनं म्हणून ग्राह्य धरलं गेलं, म्हणून आज पूर्ण नाव उपोगेबिया प्युजेटेन्सिस (डाना, 1852) असं लिहितात. इथला कंस हौसेचा नाही. वर्णन करणाऱ्याने प्रजाती ज्या जीनसमध्ये ठेवली होती तिथून ती हलवली गेली, एवढंच तो सांगतो. कंस गाळला तर डाना यांनीच उपोगेबिया हे नाव वापरलं असा अर्थ होतो, आणि जुना संदर्भ शोधणारा माणूस गेबिया या नावाखाली बघायला विसरतो.

याच्या वरच्या पातळीवर मोठी उलथापालथ झालेली आहे. चिखलात आणि वाळूत बिळं करणाऱ्या या सगळ्या कोळंब्या पूर्वी थॅलॅसिनिडिया या एकाच गटात कोंबलेल्या असत. मिशेल द सॅं लोरॅं यांनी 1979 मध्येच त्यांचे अ‍ॅक्सिडिया आणि गेबिडिया असे दोन भाग केले होते, पण बरीच वर्षं ते फारसं कुणी मनावर घेतलं नाही. 2009 च्या सुमाराला डीएनएच्या अभ्यासांनी तीच विभागणी उचलून धरली. लांबट शरीर, मऊ कवच, खणायला जमणारे पाय हे सारखेपण बिळातल्या राहणीमुळे आलेलं आहे, जवळच्या नात्यामुळे नाही. फरक ओळखायची सोपी खूण अशी: पहिल्या दोन्ही जोड्यांच्या पायांना पूर्ण चिमटा असेल, तर प्राणी अ‍ॅक्सिडियातला. दुसऱ्या जोडीला चिमटा नसेल किंवा अर्धवट असेल, तर गेबिडियातला. आपली प्युजेटेन्सिस गेबिडियात, उपोगेबिडी कुळात येते. तिच्याच चिखलपट्ट्यांवर शेजारी राहणारी घोस्ट श्रिंप, म्हणजे निओट्रायपिया कॅलिफोर्निएन्सिस, अ‍ॅक्सिडियातली आहे. तिचं नावही 1991 पर्यंत कॅलियानासा कॅलिफोर्निएन्सिस होतं, ते मॅनिंग आणि फेल्डर यांनी बदललं.

या दोघींना एक समजण्याची चूक फार जुनी आणि फार महागडी आहे. वॉशिंग्टन राज्यातल्या विलापा बे आणि ग्रेज हार्बर या खाड्यांमध्ये कालवांची मोठी शेती चालते. तिथले शेतकरी दोघींनाही ‘बीळ करणारी कोळंबी’ या एकाच खात्यात टाकत आले, आणि 1963 पासून कित्येक दशकं दोघींवर कार्बारिल हे कीटकनाशक फवारलं गेलं. घोस्ट श्रिंप गाळ सतत वरखाली करते, त्यामुळे जमीन भुसभुशीत होते आणि वर टाकलेली कालवं खाली बुडून गुदमरतात. प्युजेटेन्सिस मात्र बिळाच्या भिंती चिकट स्रावाने लिंपून घट्ट करते आणि महिनोन्‌महिने त्याच बिळात राहते. तिचा त्रास नाहीच असं मी म्हणणार नाही, पण दोघींचा जमिनीवरचा परिणाम इतका वेगळा असताना एकच औषध, एकच हिशोब, हे चुकीचं होतं.

ओहोटीला चिखलावर उभं राहून दोघींमधला फरक कसा ओळखायचा? बिळाच्या तोंडाशी गाळाचा छोटा ज्वालामुखीसारखा ढीग असेल, तर बहुतेक वेळा घोस्ट श्रिंप. प्युजेटेन्सिसच्या बिळाचं तोंड साफ, गोल, जमिनीच्या सपाटीला असतं. बोट आत घालून पाहा. भिंत गुळगुळीत आणि टणक लागली, तर प्युजेटेन्सिस. बोट घालताच ढासळली, तर घोस्ट श्रिंप. प्राणी हातात आला की शंका उरत नाही. घोस्ट श्रिंप फिकट गुलाबी किंवा नारिंगी असते, तिचा एक चिमटा दुसऱ्यापेक्षा मोठा असतो (नरात तर भलताच मोठा), आणि डोळ्यांचे देठ चपटे असतात. प्युजेटेन्सिस निळसर, करड्या किंवा तपकिरी छटेची असते, दोन्ही चिमटे सारखे असतात, आणि डोक्याच्या पुढच्या टोकावर, म्हणजे रोस्ट्रमवर, दाट केस असतात. रंगावर मात्र शेवटचा निर्णय करू नका. त्याच खाडीतल्या दोन प्युजेटेन्सिस वेगवेगळ्या छटेच्या निघू शकतात, आणि अल्कोहोलमध्ये टाकल्यावर रंग जातोच.

उपोगेबियांमधल्या प्रजाती एकमेकींपासून वेगळ्या करणं याहून किचकट आहे. त्यासाठी साधा स्टिरिओ मायक्रोस्कोप लागतो. पाहायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत: रोस्ट्रमच्या वरच्या कडांवरच्या दातांची संख्या आणि जागा, रोस्ट्रमच्या खालच्या बाजूला काटे आहेत की नाहीत, डोळ्यामागे कवचाच्या पुढच्या कडेवर काटा आहे की नाही, पहिल्या पायाच्या चिमट्यातलं स्थिर बोट हलत्या बोटाच्या मानाने किती आखूड आहे, पहिल्या आणि दुसऱ्या पायाच्या मेरस या भागावर काटे कुठे आहेत, आणि शेपटीच्या टोकाची म्हणजे टेल्सनची लांबी-रुंदी व आकार. कुठलंही एक लक्षण घेऊन निकाल लावायला जाऊ नये. पिल्लांमध्ये काटे पुरते आलेले नसतात. तुटलेला चिमटा पुन्हा उगवतो तेव्हा आधी लहान आणि साध्या घडणीचा असतो, त्यामुळे दोन्ही बाजूंचे चिमटे पाहायलाच हवेत. रोस्ट्रमखालचे काटे केसांत दडलेले असतात. मऊ ब्रशने केस बाजूला करून, नमुना थोडा तिरका धरून, बाजूने प्रकाश टाकला तरच ते दिसतात. ‘काटे नाहीत’ अशा नोंदींपैकी काही तरी नक्कीच ‘काटे पाहिले नाहीत’ अशा असतात.

नर की मादी हे ओळखणं त्या मानाने सोपं. मादीची जननछिद्रं चालायच्या तिसऱ्या जोडीच्या पायांच्या मुळाशी, नराची पाचव्या जोडीच्या मुळाशी. उपोगेबियात आणखी एक सोय आहे: पोटाखालच्या पहिल्या खंडावर मादीला बारीक पायांची जोडी असते, नराला ती नसतेच. मापासाठी रोस्ट्रमच्या टोकापासून कवचाच्या मागच्या कडेच्या मध्यापर्यंतची लांबी व्हर्निअरने घ्यावी. एकूण लांबी घेऊ नये, कारण पोटाचा भाग वाकलेला असतो आणि दोन माणसं एकाच प्राण्याची दोन मापं काढतात. पूर्ण वाढलेला प्राणी साधारण 10 ते 15 सें.मी. भरतो.

नमुने गोळा करण्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण पुढचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. आधी त्या राज्याचा परवाना. मग साधन. घोस्ट श्रिंपसाठी लोक हातपंप वापरतात: 5 ते 7.5 सें.मी. व्यासाची, 75 ते 90 सें.मी. लांबीची नळी, आत रबरी वॉशरचा दट्ट्या. बिळावर नळी ठेवून दट्ट्या ओढायचा, आलेला गाळ चाळणीत रिकामा करायचा, तीच जागा चार-पाच वेळा उपसायची. प्युजेटेन्सिससाठी हा पंप तितका भरवशाचा नाही. तिचं बीळ इंग्रजी वाय अक्षरासारखं असतं: वर दोन तोंडं, खाली एकत्र येऊन सरळ खोल जाणारा बंद दांडा, आणि तो 90 सें.मी.पर्यंत जाऊ शकतो. धोका जाणवला की प्राणी खालच्या दांड्यात जातो, आणि भिंती घट्ट असल्यामुळे आजूबाजूचा गाळ कोसळून तो पंपात येत नाही. पंपाने केलेल्या मोजणीत म्हणून प्युजेटेन्सिस नेहमी कमी आणि घोस्ट श्रिंप जास्त दिसते. दोघींची तुलना करायची असेल, तर 40 सें.मी. व्यासाचा आणि किमान 60 सें.मी. खोल जाणारा धातूचा नळकांडी कोअर दाबून आतला सगळा गाळ काढावा आणि 3 मि.मी.च्या चाळणीवर धुवावा. अशा कोअरचं क्षेत्रफळ 0.126 चौ.मी. होतं, म्हणजे मिळालेल्या संख्येला 8 ने गुणलं की प्रति चौरस मीटर आकडा येतो. नुसती तोंडं मोजून त्याला दोनने भागायचा मोह होतो. ओसाड बिळं टणक भिंतींमुळे बराच काळ टिकतात आणि काही बिळांना दोनहून जास्त तोंडं असतात. आधी काही कोअर घेऊन तोंडं आणि प्राणी यांचं त्या जागेपुरतं प्रमाण काढावं, आणि मगच मोजणी वापरावी. वसाहत मरत असताना तर तोंडांची मोजणी सरळ फसवते. प्राणी संपलेले असतात आणि बिळं तशीच उघडी दिसतात.

बिळाचा आकार पाहायचा असेल, तर ओहोटीला पॉलिएस्टर रेझिन ओततात. साधारण 1 टक्का हार्डनर घालून, हळूहळू, एकाच तोंडातून ओतायचं, म्हणजे दुसऱ्या तोंडातून पाणी आणि हवा बाहेर पडते. दोन्ही तोंडांतून ओतलं की मध्ये हवा अडकते आणि साचा तुटका निघतो. थंड चिखलात रेझिन सावकाश घट्ट होतं, म्हणून पुढच्या ओहोटीपर्यंत थांबून मग खणायचं. हार्डनर डोळ्यांना फार घातक असतो, त्यामुळे गॉगल आणि हातमोजे हवेतच. आतला प्राणी यात मरतो, म्हणून दोन-तीन साच्यांवर भागवावं, आणि सांडलेलं रेझिन एकूण एक उचलून परत आणावं.

प्राणी जिवंत असतानाच अल्कोहोलमध्ये टाकला, तर तो पाय झटकून टाकतो आणि बाटलीत सुटे चिमटे उरतात. आधी बर्फात किंवा फ्रीझरमध्ये गार करून शांत करावा. डीएनए हवा असेल, तर पोटाखालचा एक पाय कापून 95 टक्के इथेनॉलमध्ये वेगळ्या कुपीत ठेवावा. नमुन्याच्या किमान तिप्पट इथेनॉल घ्यावं आणि 24 तासांनी बदलावं, कारण अंगातलं पाणी ते पातळ करतं. फॉर्मॅलिनमध्ये आकार छान राहतो पण डीएनए खराब होतो, म्हणून ऊतक आधी काढावं, उरलेला प्राणी नंतर हवा तर फॉर्मॅलिनमध्ये. जनुकांपैकी सीओआयचा 658 बेसजोड्यांचा तुकडा बारकोड म्हणून वापरतात. दशपाद कवचधारींमध्ये याच तुकड्याच्या निकामी प्रती केंद्रकातही शिरलेल्या असतात आणि त्या चुकून वाचल्या जातात. क्रमात मध्येच स्टॉप कोडॉन (प्रथिन तिथेच थांबवणारी खूण) दिसला, तर तो निकाल बाजूला ठेवावा आणि जोडीला 16एस जनुक तपासावं. कल्ल्यांमधून ऊतक घेऊ नये. तिथे परजीवी बसलेला असू शकतो आणि कोळंबीऐवजी त्याचाच क्रम हाती येतो.

आता खुद्द नकाशा. प्युजेटेन्सिस दक्षिण अलास्कापासून ब्रिटिश कोलंबिया, वॉशिंग्टन, ओरेगॉन असं करत मॉरो बेपर्यंत, पण सलग नाही, खाडीखाडीने. मध्ये उघडा, लाटांचा किनारा असतो आणि तिथे ती राहू शकत नाही. मॉरो बेच्या दक्षिणेला थोड्याच अंतरावर पॉइंट कन्सेप्शन आहे, जिथे थंड आणि उबदार पाण्याच्या प्राण्यांची सीमा पडते. म्हणून मॅकजिनिटिओरमचं त्याच्या दक्षिणेला असणं ओघाने येतं. खाडीच्या आत ती मधल्या आणि खालच्या ओहोटीच्या पट्ट्यात, चिखलमिश्रित वाळूत राहते. पाण्याचा खारटपणा कमी झाला, तरी ती आपल्या रक्तातलं क्षारांचं प्रमाण बऱ्यापैकी सांभाळते. घोस्ट श्रिंपला हे जमत नाही, तिचं रक्त बाहेरच्या पाण्याबरोबर बदलतं. उलट प्राणवायू नसताना घोस्ट श्रिंप जास्त काळ तग धरते. दोघींच्या पट्ट्यांमधला फरक यावरून बराचसा समजतो, सगळा नाही.

खाणंही वेगळं. प्युजेटेन्सिस बिळात बसून पोटाखालच्या पायांनी पाणी ओढते आणि पुढच्या दोन जोड्यांच्या केसाळ पायांची टोपली करून त्यातले कण गाळते. ओरेगॉनच्या याक्विना बेमध्ये झालेल्या प्रयोगांत दिसलं, की कोळंबी, तिचं बीळ आणि सोबतची शिंपली मिळून खाडीतल्या पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींवर मोठा परिणाम करतात. हे बीळ म्हणजे एक वाडाच आहे. निएरोमाया रुगिफेरा ही शिंपली कोळंबीच्या पोटाला चिकटून राहते, खवल्यांचा किडा हेस्पेरोनोई कॉम्प्लनाटा आणि चिमुकला खेकडा स्क्लेरोप्लॅक्स ग्रॅन्युलाटा आत वावरतात, बाण-गोबी हा बोटभर मासा ओहोटीला आसऱ्याला येतो, आणि क्रिप्टोमाया नावाची शिंपली बाहेरच्या गाळातून आपली नळी या बिळात सोडते. कोळंबी गेली की यातल्या कित्येकांचं घर जातं.

आणि ती जात आहे. सुरुवातीला सांगितलेला परजीवी म्हणजे ऑर्थिऑनी ग्रिफेनिस. हा आयसोपॉड (चपट्या अंगाचा छोटा कवचधारी) जॉन मार्कहॅम यांनी 2004 मध्ये ओरेगॉनमधल्या नमुन्यांवरून नवी प्रजाती म्हणून वर्णन केला. तो कवचाखाली, कल्ल्यांच्या कप्प्यात बसून रक्त शोषतो. कोळंबी मरत नाही, पण मादीकडे अंडी घालण्याइतकी ताकद उरत नाही. परजीवीची आधी पोचलेली अळी मादी होते, मागाहून आलेली तिच्या अंगावर बारीक नर म्हणून राहते. तिची पिल्लं आधी पाण्यात तरंगणाऱ्या कोपेपॉड या सूक्ष्म कवचधारींवर चढतात, तिथे वाढून मग कोळंबी शोधतात. त्यामुळे एका खाडीतून दुसऱ्या खाडीत जायला त्याला कोळंबीची गरज पडत नाही. तपासणी करताना कवचाच्या एका बाजूला कल्ल्यांवर फुगवटा दिसतो का ते पाहावं. तरुण परजीवीमुळे फुगवटा येत नाही, म्हणून कवचाची बाजू उचलून आत पाहिल्याशिवाय ‘निरोगी’ असं लिहू नये. पोटाखालच्या पायांमध्ये जो आयसोपॉड दिसतो तो वेगळा: फिलोड्युरस अ‍ॅब्डोमिनॅलिस, तिथलाच, स्टिम्सन या प्राणिशास्त्रज्ञाने 1857 मध्ये नोंदवलेला. दोघांना एकाच रकान्यात ‘परजीवी’ म्हणून मोजलेल्या तक्त्यांचा पुढे काही उपयोग होत नाही.

नवी प्रजाती म्हणून अमेरिकेत सापडलेला प्राणी बाहेरचा आहे हे कसं कळलं, हा माझ्या मते या सगळ्यातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग आहे. ब्रेट डंबॉल्ड, जॉन चॅपमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुने नमुने उघडून पाहिले. अमेरिकन किनाऱ्यावरच्या 1980 च्या दशकाआधीच्या प्युजेटेन्सिसच्या नमुन्यांमध्ये फिलोड्युरस होता, ऑर्थिऑनी नव्हता. दशकाच्या अखेरीपासूनच्या विलापा बेच्या नमुन्यांत तो दिसू लागतो. आशियातल्या उपोगेबियांच्या संग्रहात मात्र तो त्याच्या कितीतरी आधीपासून होता. हा हिशोब उलगडायला तीन गोष्टी जुळाव्या लागल्या: नमुना जपलेला, त्याच्यावर तारीख आणि जागा, आणि कोळंबीचं नाव बरोबर. डाना आणि स्टिम्सन यांच्या काळातला किती ऐवज 1871 च्या शिकागोच्या आगीत स्टिम्सनच्या संग्रहाबरोबर गेला हे आठवलं की उरलेल्या बाटल्यांची किंमत कळते. 2017 मध्ये हाच परजीवी ब्रिटिश कोलंबियाच्या मध्य किनाऱ्यावरच्या कॅल्व्हर्ट बेटावर मिळाला. म्हणजे तो उत्तरेकडे सरकतो आहे.

प्युजेटेन्सिस हिवाळ्यात अंडी धरते आणि अळ्या ओहोटीबरोबर समुद्रात जातात. अळीच्या झोइया, म्हणजे पाण्यात तरंगत्या, अवस्था तीनच, तर घोस्ट श्रिंपच्या पाच. काही आठवड्यांनी परतणारी पिल्लं कुठल्याही खाडीत उतरू शकतात. म्हणून एका खाडीतली वसाहत तिथल्याच माद्यांवर चालत नाही, आणि जिथे परजीवी नाही अशी एखादी खाडी राखून प्रजाती वाचवता येईल असं मला वाटत नाही.

पलीकडच्या किनाऱ्यावरची ऑर्थिऑनीची यजमान उपोगेबिया मेजर जपान, कोरिया आणि चीनच्या चिखलात राहते. तिचं बीळ तर 2 मीटरपर्यंत खोल जातं. जपानमध्ये बिळात लिहायचा ब्रश सोडून तिला पकडतात. परकं काही घरात शिरलं म्हणून ती ते ढकलत वर येते आणि हाताने चिमट्याला धरून ओढता येते. तैवानच्या पश्चिम किनाऱ्यावर लोक आवडीने खातात ती ऑस्टिनोगेबिया एड्युलिस 1992 पर्यंत शास्त्राला वेगळी म्हणून माहीतच नव्हती. बाजारात मिळणारा प्राणी म्हणजे ओळखलेला प्राणी, असं गृहीत धरू नये.

भारतात खारफुटीत चिखलाचे उंच ढिगारे करणारी थॅलॅसिना आहे. सुंदरबन, अंदमान इथल्या नोंदी वर्षानुवर्षं थॅलॅसिना अ‍ॅनोमला या एकाच नावाने होत आल्या. 2009 मध्ये न्गोक-हो आणि द सॅं लोरॅं यांनी या जीनसची फेरतपासणी करून त्यात आणखी प्रजाती वेगळ्या केल्या, तेव्हा त्याआधीची प्रत्येक ‘अ‍ॅनोमला’ नमुना पाहिल्याशिवाय तशीच पुढे नेऊ नये. महाराष्ट्रापुरता या गटाचा पाया रत्नागिरीत काम केलेल्या के. एन. सांकोल्ली यांनी घातला. 1971 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये त्यांनी महाराष्ट्राच्या थॅलॅसिनॉइडियावर, म्हणजे बिळं करणाऱ्या याच कोळंब्यांच्या जुन्या गटावर, लिहिलं, आणि कॅलियानासा केवलरमानी ही प्रजातीही त्यांनीच वर्णन केली. त्यानंतर कॅलियानासाच्या कुळाची मांडणी 1991 आणि 2019 मध्ये मोठ्या प्रमाणात बदलली, म्हणून त्या यादीतलं नाव आज वापरण्याआधी वर्म्स या जागतिक सागरी नोंदवहीत तपासावं. मूळ वर्णन मात्र सांकोल्लींचंच वाचावं.

कोकणातल्या खाडीत कुणाला अशी कोळंबी मिळाली, तर फोटो चार हवेत: वरून, बाजूने, रोस्ट्रमचा जवळून, आणि दोन्ही चिमट्यांचा बाहेरच्या अंगाने, शेजारी मोजपट्टी ठेवून. रंग जिवंतपणीचाच लिहून ठेवा. चिठ्ठी बाटलीच्या आत घाला, बाहेर चिकटवू नका. तिच्यावर अक्षांश-रेखांश, खाडीचं आणि जवळच्या गावाचं नाव, तारीख, ओहोटीची वेळ, गाळ कसा होता, किती खोलीवर आणि कशाने पकडली, आणि गोळा करणाऱ्याचं नाव असू द्या. प्रजातीचं नाव वेगळ्या चिठ्ठीवर, ते ठरवणाऱ्याच्या नावासह आणि वर्षासह लिहा. नाव पुढे बदललं, तर नवी चिठ्ठी आत जाते आणि जुनी तशीच राहते. दोन्ही जाड, कापसाच्या लगद्याच्या कागदावर आणि पेन्सिलीने, कारण बॉलपेनची शाई इथेनॉलमध्ये उतरते आणि काही महिन्यांत कागद कोरा होतो.